फ्रँकफर्टच्या अनोळखी मंडळींचे मनापासून आभार

वीज उपकेंद्राला लागलेल्या आगीमुळे २१ मार्च २०२५ ला लंडनचं हीथ्रो विमानतळ जवळजवळ दिवसभर बंद राहिलं. मुंबईहून आमच्याकडे टोरांटोला निघालेले आई-बाबा त्यात सापडले. विमान फ्रँकफर्टला उतरवलं. शेंगेन व्हिसा नाही, त्यामुळे हॉटेलात जायचाही प्रश्न नव्हता.

दुसऱ्या एअरलाइनवर सीट कन्फर्म झाल्याचा मेसेज आला. काउंटरवर मात्र एकच पालुपद: सीट दिसतेय, तिकीट नाही! खरी गोम तिथल्या एका बाईंनी ओळखली. तिकिटाचा नंबर तेरा आकडी, त्यातले पहिले तीन आकडे तिकीट काढणाऱ्या कंपनीचे. त्या कंपनीने तिकीट नव्या प्रवासासाठी पुन्हा काढून दिल्याशिवाय दुसरी कंपनी बोर्डिंग पास देऊच शकत नाही. बाईंची ड्युटी संपली होती, तरी फोन कानाला लावून त्या उभ्याच राहिल्या. नवा नंबर मिळाल्यावर बाबांना तो कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून दिला, वर बॅगांचे टॅगही बदलून घेतले. हे आम्हाला तर सात जन्मांत सुचलं नसतं.

आणि रांगेतला तो नागपूरकडचा मुलगा! ‘काकाजी, तुम्ही बसून घ्या ना, मी आहो लाइनीत,’ म्हणत त्याने आपला चार्जरही आईला देऊन टाकला.

नावं विचारायची राहिली. कुणी ओळखत असेल तर एवढा निरोप द्या: दोघं सुखरूप पोचले, बॅगाही आल्या, लोणच्याच्या बरणीसकट.