सूचना : रविवारी सकाळी धारेवर जमायचं आहे

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला साफसफाईसाठी लोणारच्या धारेवर, म्हणजे सरोवराकाठच्या गोमुखातून पडणाऱ्या झऱ्यावर या. हातमोजे, रिकामं पोतं आणि प्यायचं पाणी सोबत असू द्या.

मागच्या खेपेला गोमुखाजवळच्या पायऱ्यांच्या कपारीत शाम्पूच्या पुड्या इतक्या घट्ट बसल्या होत्या की काडीने उकरून काढाव्या लागल्या. धारेचं पाणी खाली सरोवरातच उतरतं, म्हणून तो साबण बघून जीव तुटतो. २०२० साली सरोवराला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, त्याच वर्षी सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झालं आणि लोणारचं नाव जगभर गेलं. जपायचं मात्र आपल्यालाच आहे.

भरलेली पोती वर चढवायला तरुण मंडळी हवीत. शनिवारी रात्रीपर्यंत नावं कळवा. लहान मुलांना उतारावर एकटं सोडू नका.