मागवलं एक, आलं भलतंच : होमस्टेच्या साबण-शाम्पूबद्दल तक्रार

दिनांक : 18 नोव्हेंबर 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : ऑर्डरप्रमाणे माल न पाठवणे, बंदी असलेली वस्तू पाठवणे व बिलात जादा जीएसटी लावणे याबाबत.

संदर्भ : ऑक्टोबर 2025चं बिल, व्हॉट्सॲपवर दिलेली ऑर्डर व त्यानंतरचे माझे मेसेज.

महोदय,

देवबाग (ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग) इथे राहत्या घराच्या मागच्या अंगाला मी पर्यटकांसाठी तीन खोल्या चालवते. पर्यटन महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेत आमची नोंदणी आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी तुमच्याकडे खोल्यांसाठी टॉयलेटरीज मागवल्या, पैसे आगाऊ भरले. खोकं उघडलं तर आत निम्म्याहून अधिक माल भलताच. फोन केला तेव्हा तुमचे प्रतिनिधी म्हणाले, ‘मॅडम, हे आमचं प्रीमियम किट आहे, गेस्टना हेच आवडतं.’

माझ्या पाहुण्यांना काय लागतं हे त्यांनी मला सांगू नये. पाहुणे गेल्यावर न्हाणीघर मी स्वतः धुते. काय संपलं, काय फोडून टाकून दिलं, काय हातही न लावता राहिलं, हे मला रोज दिसतं. त्यावरून यादी ठरवली आणि ऑर्डरसोबत कारणंही लिहून पाठवली होती. ती कोणी वाचलेली दिसत नाहीत, म्हणून पुन्हा लिहिते.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मधे चिंचोळी पट्टी. प्यायला आणि स्वयंपाकाला विहिरीचं गोडं पाणी आहे, ते जपून वापरावं लागतं. न्हाणीघरांना बोअरचं पाणी जातं आणि ते बारमाही मचूळ आहे. अशा पाण्यात साधा साबण फेसत नाही, उलट पाण्यातल्या क्षारांशी मिळून त्याचा पांढरट चिकट साका होतो. खोबरेल तेलाचा साबण मात्र खाऱ्या पाण्यातही फेस देतो. म्हणून खोबरेल तेलाचा, ग्रेड 1चा, 20 ग्रॅमच्या वड्यांचा साबण कागदी वेष्टनात मागवला होता. तुम्ही पाठवलेल्या 10 ग्रॅमच्या चकतीवर ‘बेदिंग बार’ छापलेलं आहे. भारतीय मानकाप्रमाणे ग्रेड 1च्या टॉयलेट सोपमध्ये टीएफएम, म्हणजे साबणातला खरा स्निग्धांश, किमान 76 टक्के लागतो. बेदिंग बारला 40 टक्के पुरतो. भाव कुठला लावलात ते बिलावर दिसतंच आहे.

मी ती चकती बोअरच्या पाण्यात स्वतः वापरून पाहिली. हाताला फेस नाहीच, नुसता बुळबुळीतपणा, आणि न्हाणीतल्या काळ्या कडप्प्यावर राखाडी थर. तो काथ्याने घासून काढावा लागला. वर मोगऱ्याचा वास इतका उग्र, की टॉवेल धुतल्यावरही जात नाही.

आता शाम्पू. आमच्याकडे लोक येतात ते समुद्रात उतरायला. स्कूबा करून, नाहीतर संगमावर डुंबून आलेल्या बाईच्या लांब केसांत मीठ आणि वाळू असते. तिला 5 मिलीची पुडी पुरत नाही. ओल्या हाताने ती फाटतही नाही, माणसं दाताने फाडतात. फाडलेला कोपरा पाण्याबरोबर जाऊन मोरीच्या जाळीखाली अडकतो, त्यावर केस गोळा होतात, मग पाणी तुंबतं. ते बोटांनी उपसून काढायचं काम प्रीमियम नसतं. शिवाय आमच्या वाडीत कचऱ्याची गाडी रोज येत नाही, त्या सगळ्या पुड्या मलाच साठवून ठेवाव्या लागतात.

म्हणून भिंतीला बसवायच्या, किल्लीने कुलूप लागणाऱ्या 300 मिलीच्या पंपाच्या बाटल्या आणि त्यात भरायला 5 लिटरचा शाम्पूचा कॅन मागवला. कुलूप अशासाठी की आधीच्या पाहुण्याने झाकण उघडून आत काही मिसळलं नाही याची खात्री पुढच्या पाहुण्याला हवी. बाटल्या आल्याच नाहीत. ‘स्टॉक नव्हता, त्याऐवजी किट दिलं,’ असं उत्तर. मला विचारलं कुणी?

कॅन आला, पण त्यावर ‘हर्बल शाम्पू’ एवढीच चिठ्ठी चिकटवलेली. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, बॅच नंबर नाही, कधीपर्यंत वापरावा ती तारीख नाही. सौंदर्यप्रसाधन नियम 2020 प्रमाणे या गोष्टी लेबलवर असायलाच हव्यात. कुणाच्या पोराच्या डोक्याला त्याने पुरळ उठलं तर उत्तर मी देणार की तुम्ही? कॅनचं सील मी फोडलेलं नाही.

किटबद्दल थोडक्यात. सोनेरी अक्षरांचा खोका, आत शॉवर कॅप, सुईदोरा, कंगवा, रेझर, कान कोरायचे बड्स, आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. सुट्टीवर समुद्रकिनारी आलेला माणूस गुंडी शिवत बसलेला मी आजवर पाहिलेला नाही. शॉवर कॅप लहान मुलं फुगे म्हणून फुगवतात, तेवढाच उपयोग. पण बड्सचं प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्यांच्या काड्या प्लॅस्टिकच्या आहेत आणि अशा काड्यांच्या बड्सवर 1 जुलै 2022पासून देशभर बंदी आहे. बनवणं, साठवणं, विकणं, वापरणं, सगळ्यालाच. तपासणी झाली तर दंडाची पावती माझ्या नावाने फाटेल, आणि राज्याच्या 2018च्या प्लॅस्टिकबंदीत पहिल्याच वेळचा दंड 5,000 रुपये आहे. हे तुमच्यासारख्या घाऊक पुरवठादाराला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

उलट ज्या वस्तू रात्री-अपरात्री दार वाजवून लोक खरोखर मागतात, त्याच नेमक्या गाळल्यात किंवा कमी पाठवल्यात. सॅनिटरी पॅड, टूथपेस्टची छोटी ट्यूब, ब्रश आणि खोबरेल तेल. या मी खोलीत मांडून ठेवत नाही. कपाटात ठेवते, मागेल त्याला देते, त्यामुळे वाया जात नाहीत. देवबागहून मालवण बाजार दहा-बारा किलोमीटर आहे. रात्री दहानंतर पॅडसाठी कुठे धावायचं, याचा विचार तुमच्या प्रीमियमवाल्यांनी केलेला दिसत नाही. ट्यूब आणि ब्रश ऑर्डरच्या निम्मेच आले. पॅड आणि तेल मुळीच नाही, पण पैसे मात्र पूर्ण घेतलेत.

बिलाचं वेगळं लिहावं लागतंय. तुम्ही सरसकट 18 टक्के जीएसटी लावला आहे. साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्ट, ब्रश, केसांचं तेल यांवरचा दर 22 सप्टेंबर 2025पासून 5 टक्के झाला आणि बिल त्यानंतरचं, ऑक्टोबरचं आहे. सॅनिटरी पॅडवर तर 2018पासून जीएसटीच नाही. तुम्ही न पाठवलेल्या पॅडवरही कर लावून मोकळे झालात. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे हा फरक मला कुठूनही परत मिळत नाही. तो थेट माझ्या खिशातून गेला आहे.

तुमच्या प्रतिनिधींनी शेवटी असंही ऐकवलं की धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागत नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला माल ‘व्यावसायिक कारण’ धरलेला नाही. या तीन खोल्या मी आणि माझ्या सासूबाई चालवतो, नोकर नाही. तेव्हा तो मुद्दा त्यांनी पुन्हा काढू नये.

नाताळाचं बुकिंग सुरू झालं आहे. किट आणि चकत्या तुमच्या खर्चाने परत न्याव्यात व त्यांचे पैसे माझ्या खात्यावर जमा करावेत. कॅन बदलून पूर्ण लेबल असलेला द्यावा, कुलपाच्या बाटल्या द्याव्यात. बाटल्या नसतील तर तसं सरळ लिहून पैसे परत करावेत, मी दुसरीकडून घेईन. राहिलेल्या वस्तू पाठवाव्यात आणि योग्य दराचं सुधारित बिल द्यावं. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं, फोन नको. फोनवर काय बोललं जातं आणि नंतर काय नाकारलं जातं ते पाहून झालं आहे. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

कळावे,
आपली ग्राहक,
होमस्टे चालक, देवबाग

सोबत : बिलाची प्रत, ऑर्डरच्या मेसेजची प्रत, कॅन, बड्स व साबणाच्या वेष्टनाचे फोटो. बड्सची बंद पाकिटं खोक्यातच ठेवली आहेत, माणूस पाठवाल तेव्हा तीही घेऊन जावीत.