वडिलांचा आवाज आधी मला ऐकू देणाऱ्या तंत्रज्ञांस

स. न. वि. वि.

लॅपटॉप हाती आला त्या दिवशी आपले आभार मानले होते, पण गळा दाटून आल्यामुळे जे म्हणायचे होते ते नीट म्हणता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी तो लॅपटॉप एका मोठ्या सेवा केंद्रात होता. हार्ड डिस्कमधून अधूनमधून टिकटिक ऐकू येते, हे मी तिथे पहिल्याच भेटीत सांगितले होते. तरीही त्यांनी मशीन पुन्हापुन्हा चालू करून पाहिले, त्याच डिस्कवर दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला आणि अखेर ‘डेटा गेला, नवीन डिस्क टाकून देतो’ असे सांगून हात झटकले. वडिलांनी शेवटच्या आजारपणात सांगितलेल्या आठवणींचे ध्वनिमुद्रण त्या डिस्कवर आहे, ते आता पुन्हा करता येणार नाही, असे मी म्हणाले तेव्हा समोरच्या गृहस्थांनी मान वर करूनही पाहिले नाही. यंत्र आहे, ते कधीतरी बिघडणारच. त्याचा राग नाही. पण ज्याचे नुकसान होते आहे त्याच्याकडे पाहण्याचेही कष्ट न घेणे मला आजही क्षमा करता येत नाही.

आपण तो आवाज ऐकताच लॅपटॉप बंद केलात आणि मगच माझी हकीकत विचारलीत. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या तबकडीवर वाचणारे हेड केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते, ते बिघडून तबकडीला घासले तर तेवढा भाग कायमचा खरवडला जातो, आणि म्हणून अशी डिस्क चालू करून पाहण्याचा प्रत्येक प्रयत्न उरलेल्या डेटावरच उठतो, हे मला प्रथम आपण समजावून सांगितलेत. दुरुस्ती नंतर, आधी जेवढे वाचता येईल तेवढे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचे, हा आपला क्रम होता. ‘सगळे मिळेल’ असे आश्वासन आपण एकदाही दिले नाही, आणि मला त्याचाच आधार वाटला.

मात्र मनात घर करून राहिली आहे ती एक लहानशी गोष्ट. फायलींची नावे आणि आकार जसेच्या तसे दिसत असले तरी आतला मजकूर कोरा असू शकतो, त्यामुळे एखादी फाईल उघडून खात्री करावी लागेल, असे आपण म्हणालात. ती आपल्याला सहज उघडता आली असती. आपण हेडफोन माझ्यापुढे ठेवलात, माउस माझ्याकडे सरकवलात, ‘हे तुमचे आहे, तुम्हीच ऐका’ असे म्हणालात आणि दुसऱ्या टेबलाकडे निघून गेलात. बाबांचा खोकला आला, पाठोपाठ ‘चालू झालं का गं?’ हा प्रश्न आला, आणि त्यानंतर मी किती वेळ बसले होते कोण जाणे. आपण एकदाही घाई केली नाहीत.

दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमध्ये पत्रे, छायाचित्रे, आजारपणाचे कागद, हिशेब असे माणसाचे अवघे आयुष्य असते आणि ते अनोळखी हातात सोपवताना त्याच्यापाशी विश्वासाखेरीज काहीच नसते. तो विश्वास राखणारी माणसे आपले काम गाजावाजा न करता करतात, त्यामुळे त्यांची नोंदही कुठे होत नाही. सभ्यता ही अशा क्षणी दिसते, जेव्हा पाहणारे कोणी नसते.

ज्या फायली वाचल्या नाहीत त्यांची यादीही आपण न मागता दिलीत. त्यात दोन ध्वनिमुद्रणे आहेत. त्यांचे दुःख आहे, पण ती गेली हे मला खरेपणाने कळले.

आपण सांगितल्याप्रमाणे आता प्रत्येक फाईलच्या तीन प्रती आहेत: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक बहिणीच्या घरी. एकीकडे खोडले की दुसरीकडूनही आपोआप पुसले जाते अशा सिंक सुविधेला बॅकअप समजू नये, ही आपली सूचना मी बहिणीलाही सांगितली आहे, आणि मधूनमधून आम्ही दोघी प्रती उघडून ऐकतो. बाबांच्या आठवणी कागदावर उतरवण्याचे काम सुरू केले आहे. ते पुरे झाले की पहिली प्रत आपल्याकडे पाठवीन. तिचा स्वीकार करावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक ग्राहक