एका दिवसाचं बंदर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

"आई, एकच दिवस हाताशी आहे, काय काय बघू?" असं विचारलंस. बाबांबरोबर जहाजावर होते तेव्हा मलाही कुठल्या बंदरात एका दिवसावर क्वचितच मिळालं. पहिल्या दोन-तीन ठिकाणी चर्च, म्युझियम, बाजार करत नुसती धावले. त्यातलं आज एकही धड आठवत नाही.

तू आधी फेरीत बस. पर्यटकांची लाँच नको, तिथला भोंगा कान खातो. कामावर जाणाऱ्यांची साधी फेरी घे आणि उघड्या डेकवर उभी राहा. बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवायला पाण्यात तरंगत ठेवलेली खूण) डावीकडे राहतो, हिरवा उजवीकडे. अमेरिकेत, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये बरोब्बर उलटं. जहाजावर अर्धा पांढरा, अर्धा लाल झेंडा दिसला, तर पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा माणूस, चढलाय असं समज.

मालवाहू जहाज जवळून गेलं तर फोटो नंतर काढ, आधी त्याच्या कुशीकडे बघ. मधोमध एक गोल, त्यातून आरपार आडवी रेघ. माल भरताना जहाज किती खोल बसू द्यायचं, त्याची ही खूण. मालक माल कोंबायचे आणि जहाजं खलाशांसकट बुडायची. सॅम्युएल प्लिमसोल नावाच्या खासदाराने पिच्छा पुरवला, तेव्हा 1876 मध्ये ब्रिटनमध्ये ही खूण कायद्याने सक्तीची झाली. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, आकडे असतात, 10 सेंटिमीटर उंचीचे. पाणी आकड्याच्या कमरेला आहे की गळ्याला, एवढं बघून बाबा जहाज किती बसलंय ते सांगायचे. मला वाटायचं, थापा मारतात!

आणि भरतीची वेळ आधीच बघून ठेव. बहुतेक बंदरांत भरती ते ओहोटी सव्वासहा तास. मी एकदा सकाळी उतरले तेव्हा गँगवे (जहाजावरून धक्क्यावर उतरायचा जिना) जवळजवळ आडवा होता. संध्याकाळी दोन जड पिशव्या घेऊन परतले तर तोच शिडीसारखा उभा! दिवसभर माल उतरून जहाज हलकं झालेलं, त्यात भरती. बाबा वरून हसत होते, पिशवी घ्यायला काही खाली आले नाहीत. (तो हिशेब मी नंतर चुकता केला.)

दुपारी ऊन झालं की म्युझियममध्ये जा, माझी हरकत नाही. फक्त सकाळी धक्क्याच्या किती पायऱ्या कोरड्या आहेत ते मोज, संध्याकाळी पुन्हा मोज. हिरव्या पायरीवर पाय देऊ नकोस, शेवाळ असतं. दोन्ही आकडे कळव, बाबांशी पैज लागली आहे.

तुझी,
आई