निमे, वाचलंस की आधी फोन कर

प्रिय निमे,

आम्ही सगळे बरे. माझा गुडघा आहे तसाच.

मंदाताईंना हार्ट अटॅक आला. घाबरू नको, स्टेंट टाकला, आता घरी आहेत. पण झालं कसं ते ऐक. गच्चीवर कुरडया घालून राहिल्या होत्या. जबडा दुखायला लागला, पार कानापर्यंत. घामानं ब्लाउज चिंब, वरून मळमळ. मे महिन्यातलं नागपूर, सगळे म्हणाले ऊन लागलं. पन्हं पाजलं, कांदा हुंगवला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ॲसिडिटीची गोळी मिळाली. छातीत कळ नाही, मग हार्टचं कोणाच्या डोक्यात येणार? शेवटी सून हट्टानं मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. पहिला ईसीजी नॉर्मल! तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तरी सोडलं नाही. रक्तातलं ट्रोपोनिन तपासलं (हृदयाला इजा झाली की ते वाढतं), ईसीजी पुन्हा काढला, तेव्हा कळलं.

त्या म्हणाल्या, बायकांनाही बहुधा छातीतच दाटतं, पण जबडा, पाठ, धाप, मळमळ हे सोबत पुरुषांपेक्षा जास्त. मग ताईंना विचारलं, "बाळंतपणात बीपी वाढलं होतं का?"

निमे, माझ्या डोळ्यासमोर तूच आलीस. चिनूच्या वेळचे तुझे सुजलेले पाय, लघवीतलं प्रोटीन, घाईचं सिझेरियन. बीपी उतरलं आणि सगळ्यांनी विषय संपवला. तो संपत नाही गं. गरोदरपणात असं बीपी वाढून लघवीत प्रोटीन जातं, त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात; तो झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. त्यात पाळी गेली की इस्ट्रोजेनचा आधार जातो. आणि तुझी आई साठीच्या आत गेली, तीही हार्टनंच.

"मी तर बारीक आहे" हे मला सांगू नको. बर्डीवरच्या त्या मोरपंखी साडीसाठी भांडलीस तशी इथे अडून बसू नको. (साडी मीच आधी पाहिली होती, आजही सांगते.) बीपी, साखर, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) तपासून घे आणि डॉक्टरांना चिनूच्या वेळचं आपणहून सांग, ते विचारत नाहीत. कधी असं काही वाटलंच तर पन्हं-बिन्हं नको, सरळ १०८ लाव.

चिनूचा बारावीचा निकाल लागला का? नव्या फ्लॅटचं ऐकलं, छान झालं बाप्पा. भाऊजींना नमस्कार.

रिपोर्टचे फोटो पाठव. नाही आले तर मी पुण्याला येते आणि तुझ्या सासूबाईंसमोर तुला हाताला धरून लॅबमध्ये नेते.

तुझीच,
शोभा