डावा आरसा

नागपूर, रविवार

चि. अभी,

सोमवारी तू न बोलता पुण्याची बस पकडलीस. ताटावरून उठायला नको होतं. मीही सगळ्यांसमोर ओरडायला नको होतं. आईचे तिळाचे लाडू डब्यात तसेच आहेत.

गाडीचा आरसा बदलून आणला. पार्किंगमध्ये घासला म्हणालास. असेल. पण फुटलेल्या काचेत तुरीचा पाला अडकला होता, अन् आपल्या पार्किंगमध्ये तूर उगवत नाही.

हा विषय काढणारच नव्हतो.

तू काढलेला मेड्युसा नेब्युलाचा फोटो मोठा छापून बैठकीत लावला. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, जेलीफिश आहे का? मी ऐटीत सांगितलं, मिथुन राशीतल्या म्हाताऱ्या ताऱ्यानं टाकलेली कात आहे, 1500 प्रकाशवर्षं दूर. आपल्या सूर्याचंही 500 कोटी वर्षांनी असंच. लाल तो हायड्रोजन, निळसर हिरवा ऑक्सिजन. दहा-दहा मिनिटांचे शंभर फोटो एकावर एक रचले की एवढं दिसतं. ते म्हणाले, बाप रे, किती रात्री? चार, म्हणालो. मग गप्पच झालो. चार रात्री म्हणजे देवलापारच्या शेतावरून परतायच्या चार पहाटा, डोळ्यांत झोप, अन् हायवेवरचे ट्रक.

झोप ही काही हिमतीची गोष्ट नाही रे. डुलकी विचारून येत नाही. शेतावरच दोन तास पडावं, उजाडल्यावर निघावं... झालं माझं भाषण सुरू. माफ कर.

31 वर्षं मी खांबांवर दिवे चढवले. सोडियमचा पिवळा उजेड फिल्टरनं बराचसा गाळता यायचा, एलईडीचा पांढरा सगळ्या रंगांत पसरतो, असं तूच समजावलंस. ते एलईडीही शेवटी मीच लावले. लहानपणी लाइन गेली की आम्ही कूलरच्या नावानं रडायचो अन् तू गच्चीवर टाळ्या पिटायचास, "बाबा, आज नका जाऊ दुरुस्तीला!" मी जायचोच.

तो 3 नॅनोमीटरचा, जवळपास फक्त ऑक्सिजनचाच रंग आत सोडणारा फिल्टर घेतला तर गच्चीवरून जमेल का? पैसे मी देतो. शेतासारखं येणार नाही, माहीत आहे.

नाहीतर येत्या अमावस्येला मीही येतो. मागच्या सीटवर पडून राहीन, टॉर्च लावणार नाही. परतताना गाडी मी चालवीन.

लाडू उद्या कुरिअरनं टाकतो.

बाबा