व्हिडिओ कॉल का टाळते, ते सांगायचं राहिलं होतं

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, परवा रात्री तू व्हिडिओ कॉल केलास आणि मी पुन्हा कॅमेरा बंद ठेवला. "तोंड दाखवायलाही वेळ नाही का गं?" असं तू म्हणालीस. तेव्हा मी गप्प बसले, पण ते मनाला लागून राहिलंय. म्हणून आज हाताने लिहायला बसले.

बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगता, "हिचं आता बरं झालं, घरबसल्या डॉक्टरकी." जाण्यायेण्याची दगदग नाही, संसर्गाची धास्ती नाही, हे खरंच आहे. पण दवाखान्यात पेशंट समोर असतो तेव्हा निम्मं काम हात करतात. पोट चाचपायचं, नाडी धरायची, छातीला स्टेथोस्कोप लावायचा. त्या निमित्ताने आपण उठतो, वाकतो, चार पावलं चालतो. इथे घरून व्हिडिओ कॉलवर पेशंट बघताना हात बाजूला राहिले आणि त्यांचं काम डोळ्यांवर, कानांवर आणि मानेवर आलं.

मागच्या आठवड्यातलं सांगते. आठ महिन्यांचं बाळ, दोन दिवस खोकला. त्याच्या आईने फोन बाळाच्या छातीसमोर धरला होता आणि मी श्वास मोजत होते. या वयात मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका, त्यामुळे अंदाजाने चालत नाही, पूर्ण मिनिट मोजावं लागतं. 37 पर्यंत आले आणि चित्र थिजलं. पुन्हा पहिल्यापासून. तिचा हात हलत होता, उजेड कमी होता, बरगड्यांखाली खळगा पडतोय का ते नीट दिसेना. 54 भरले. लगेच दवाखान्यात न्यायला सांगितलं आणि कॉल संपला, तेव्हा लक्षात आलं की माझं नाक स्क्रीनला टेकायचं बाकी होतं. दात आवळलेले, खांदे कानापर्यंत चढलेले. मान वळेना. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं. एरवी आपण मिनिटाला 15-20 वेळा पापण्या लववतो, स्क्रीनकडे टक लावून बघताना ते निम्म्यावर येतं. असे दिवसाला तीस-पस्तीस पेशंट.

तरी मान शेकता येते. मला जास्त छळतं ते एकटेपण. एकदा छातीत जड वाटतंय म्हणणाऱ्या एक बाई बोलत असतानाच कॉल तुटला. मी पत्ता विचारलेलाच नव्हता. परत लावलेला फोन कोणी उचलेना. वीस मिनिटांनी त्यांच्या मुलाचा फोन आला, त्या हॉस्पिटलमध्ये पोचल्या होत्या. पण ती वीस मिनिटं माझे हात थरथरत होते आणि पुढचा पेशंट स्क्रीनवर येऊन थांबला होता. वॉर्डात असते तर शेजारच्या सिस्टरला "बघा ना, काय झालं" एवढं तरी म्हणाले असते. आता पहिला प्रश्न पत्त्याचा आणि जवळच्या माणसाच्या नंबरचा, मग तक्रार.

आणि एक गोष्ट मला मनापासून चुकीची वाटते. दवाखान्यात पेशंटची वापरलेली सुई चुकून आम्हाला टोचली तर त्याची नोंद होते, रक्त तपासतात, औषध सुरू करतात. घरातल्या खुर्चीत मान आखडली तर ती माझी घरगुती अडचण ठरते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2022 मध्येच सांगितलंय की घरून काम करणाऱ्याला योग्य साधनं मिळाली पाहिजेत आणि कामाची वेळ संपल्यावर त्यातून पूर्ण बाजूला होण्याचा हक्कही. त्याच दोन संस्थांच्या 2021 च्या अभ्यासात आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त निघाला, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत. ते वाचून मी माझे तास मोजले. 58 भरले.

घाबरू नका. आमच्या वरिष्ठांशी दोनदा बोलले, आता दर चार पेशंटनंतर दहा मिनिटं मोकळी मिळतात. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणली, एक हात लांब ठेवली. स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट बंद केली. दिवसभर स्वतःकडे बघत बोलल्यानेही माणूस थकतो, हे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये मांडलं होतं, आणि ती बंद केल्यापासून मला खरंच फरक जाणवतो. रात्रीच्या पाळ्या मात्र अजून कमी झालेल्या नाहीत, त्यासाठी भांडतेय.

तर आई, कॅमेरा बंद ठेवते तो तुझ्यावर रुसून नाही. त्या वेळी डोळे मिटून तुझा आवाज नुसता ऐकावासा वाटतो. रोज साधाच फोन कर, मी चालत चालत बोलेन, तेवढे पायही मोकळे होतील. रविवारी मात्र मीच व्हिडिओ लावीन. बाबा, तेव्हा तुम्हीही समोर बसा.

तुमची,
लेक